कुंडीमागची पिशवी

"मी काय अतिरेकी दिसते का हो?"

ठाण्यातल्या एका मॉलच्या तीन नंबर गेटवर मी अकरा वर्षं बायकांची तपासणी केली. त्या अकरा वर्षांत हा प्रश्न विचारला गेला नाही असा दिवस आठवत नाही. विचारणारीला वाटायचं, हा विनोद आपल्याला आत्ताच सुचलाय. मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायचे. खरं उत्तर द्यायचं तर अतिरेकी कसा दिसतो हे मलाही माहीत नव्हतं. आमचं ट्रेनिंग दोन दिवसांचं. त्यातला दीड दिवस सॅल्यूट शिकवण्यात गेला आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात टोपीच्या मापाची भानगड झाली.

बाहेरच्यांना या नोकरीतलं फारसं ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगते. आपण जिथे उभं राहायचं त्या जागेला आम्ही पॉइंट म्हणतो. पॉइंट सोडायचा नाही, हा पहिला नियम आणि बहुधा शेवटचाही. पुरुष मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जातात आणि बाहेरच त्यांचे खिसे चाचपतात. बायकांसाठी बाजूला पडदा लावलेली खोपटी असते, त्यात मी. हातात बॅट. बॅट म्हणजे धातू सापडला की वाजणारा दांडा. आकार बॅडमिंटनच्या बॅटसारखा, म्हणून बॅट.

या बॅटचा सेल संपला की नवा यायला आठवडे लागायचे. सिक्युरिटीचे मोठे साहेब, नाईकसाहेब, म्हणायचे, "हात थांबवू नका ताई. लोकांना हात फिरताना दिसला पाहिजे." मग मी मेलेली बॅट फिरवत राहायचे. एकदा एका बाईने विचारलं, "वाजली नाही ती?" म्हटलं, "तुमच्यात वाजण्यासारखं काही नाही." ती खूश होऊन आत गेली. तिच्या गळ्यात चांगलं तीनपदरी मंगळसूत्र होतं.

आम्ही उभ्या बॉम्ब शोधायला आणि पकडायचो चिवडा. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, त्यामुळे खरी तपासणी त्याचीच. डोंबिवलीहून आलेल्या एका कुटुंबाने बाळाच्या दुपट्यात गुंडाळून थालीपीठं आणलेली. बाळ आजोबांच्या कडेवर, दुपटं आजीच्या. आजी म्हणाली, "झोपलंय, हळू." मी दुपट्याला हात लावला तर ते गरम. म्हटलं, "आजी, ताप आहे बाळाला." आजी हसली नाही. म्हणाली, "सोडा ना हो, लोणीपण आहे, तुम्हाला देते." मी सोडलं. लोणी घेतलं नाही, हे इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं फारसं येणार नाही.

लोकांना सवय किती पटकन लागते, ते मी त्या खोपटीतून पाहिलं. सुरुवातीला बायका अंग चोरायच्या, भांडायच्या. दोन-तीन वर्षांत पडदा सरकवतानाच हात वर. एक बाई फोनवर सासूची तक्रार करत आत यायची, हात पसरायची, गोल फिरायची, तक्रार न थांबवता बाहेर जायची. तिने माझं तोंड कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. आमच्या बाळकुमच्या घरी भावाची नातवंडं तपासणी-तपासणी खेळायची. माझा नवरा भाजी घेऊन आला की दारात पिशवी खाली ठेवून हात वर करून उभा. म्हणायचा, "घ्या तपासून. कोथिंबीर आहे." गर्दीत मी एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याला तसंच आत सोडलं तर त्यांना राग यायचा. "आम्हाला का नाही बघितलं? आम्ही काय कमी आहोत?" मग मी बघायचे. मेलेली बॅट फिरवली की ते समाधानाने आत.

आमच्या वर्षाचे दोन ऋतू होते, अलर्ट आणि बिनअलर्ट. अलर्टबद्दल आम्ही तापासारखं बोलायचो. अलर्ट चढला, अलर्ट उतरला. झेंड्याचे दिवस आले की चढायचा, गणपती-दिवाळीला चढायचा आणि देशात कुठे काही झालं की त्याच दुपारी चढायचा. मग बॅटला सेल मिळायचे. पंधरा दिवस कडक. त्यानंतर हळूहळू उतरायचा, तसे सेलही उतरायचे.

अलर्टमध्ये कागदावर नसलेली एक सूचना तोंडी यायची. बुरख्यातल्या बायकांना जरा नीट बघा. नीट म्हणजे काय, ते कुणी सांगायचं नाही आणि आम्हीही विचारायचो नाही. त्या बायका पडद्याआड येताच न सांगता नकाब वर करायच्या, पर्स उलटी करून टेबलावर ओतायच्या. नेहमी येणाऱ्या एकीला मी म्हटलं, "अहो, एवढं नको, अलर्ट उतरला आता." ती पर्स भरता भरता म्हणाली, "तुमचा उतरला ताई. आमचा उतरत नाही." मी नेहमीसारखी हसले. तो विनोद नव्हता, हे मला घरी भाकऱ्या करताना कळलं.

आता मंगलची गोष्ट.

मंगल हाउसकीपिंगमध्ये होती, म्हणजे मॉलची झाडलोट आणि काचा पुसणं. मूळची कोकणातली. नवरा गेल्यापासून मुलीला घेऊन टिटवाळ्याला राहायची. आमची ओळख पिशवीमुळे झाली. मॉलमधल्या दुकानांच्या मुलींना आत लॉकर होते, पण हाउसकीपिंगच्या बायका तिसऱ्याच ठेकेदाराच्या, त्यांना लॉकर नाही. एरवी त्या पिशव्या आत नेऊन कुठेतरी कोपऱ्यात ठेवायच्या. अलर्ट चढला की ठेकेदाराच्या माणसांना पिशवी आत न्यायला बंदी. मग बारा तास डबा ठेवायचा कुठे?

तोडगा मी काढला. माझ्या गेटबाहेर पामच्या मोठ्या कुंड्या होत्या, कमरेएवढ्या उंच. कुंडी आणि भिंत यांच्यात एक पिशवी आरामात बसायची आणि माझ्या पॉइंटवरून ती मला दिसायची. "कुंडीमागे ठेव" हे आमचं ठरलेलं वाक्य झालं. नियमात नव्हतं. पण मला त्यात मोठेपणा वाटायचा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताखाली एक खातं होतं, भले ते कुंडीमागे का असेना.

त्या दिवशी अलर्ट कडक होता. दोन दिवसांपूर्वी दूरच्या एका शहरात स्फोट झालेला. मंगल आली ती नेहमीची निळी कापडी पिशवी पोटाशी धरून.

"ताई, आज ही आत नेऊ दे मला," ती म्हणाली. "पूजाचे ओरिजनल आहेत यात. दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, सगळं."

पूजा तिची मुलगी. बारावी झालेली आणि कल्याणच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलेलं. मंगलने ते मला आठ दिवसांत आठ वेळा सांगितलेलं.

"मग पूजाकडे द्यायचे ना."

"घरात गळतं, म्हणून कागद भावाच्या कपाटात होते, इथे ठाण्यात. आता येताना घेतले. आज अर्धा दिवस मागून घेतलाय, एकला सुटते, तिथून सरळ कल्याण. चारपर्यंत कागद दाखवायचेत. आज शेवटचा दिवस. आज नाही दाखवले तर नाव जातं."

"आणि पूजा?"

"ती कॉलेजात जाऊन बसणार. अकरापासून."

पलीकडे नाईकसाहेब चौकटीपाशी उभे राहून कुणालातरी झापत होते. मी म्हटलं, "अगं, साहेब फिरतायत. कुंडीमागे ठेव. मी आहे ना."

मंगलने पिशवी ठेवली. दोन पावलं गेली, परत आली, पिशवी आणखी आत सरकवली. मग माझ्याकडे बघून गेली.

साडेअकराच्या सुमारास एक आजोबा आले. ते रोज यायचे, खरेदीला नाही, एसीत फेऱ्या मारायला. निवृत्त, नीटनेटके, पांढरे बूट. बेवारस वस्तूंबद्दलची मॉलमधली सूचना त्यांच्याइतकी मन लावून कुणीच ऐकली नसेल. ते कुंडीपाशी थांबले, वाकले आणि दोन्ही हात पसरून लोकांना अडवत मागे आले.

"कोणाची पिशवी आहे ही? वायर दिसतेय."

वायर होती. मंगलच्या मोबाइलच्या चार्जरची. पिशवीच्या तोंडातून वीतभर बाहेर लोंबत होती.

मी बोलायला तोंड उघडलं. "आमच्यातलीच आहे" एवढे दोन शब्द बोलायचे होते. तेवढ्यात नाईकसाहेब आले आणि त्यांच्यामागे पंचवीस-तीस माणसं गोळा झाली.

"ताई, तुमच्या पॉइंटवर आहे. कोणाची आहे?"

मी मान हलवली. "माहीत नाही साहेब."

का, ते मी बरेचदा स्वतःला विचारलंय. महिनाभर आधी एक नंबर गेटवरच्या मुलीने कुरिअरवाल्याचं पार्सल पाच मिनिटं सांभाळलं म्हणून तिला त्याच दिवशी घरी पाठवलेलं. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडून वर्ष होत आलेलं. ही कारणं खरी आहेत. पण त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच, की सगळे माझ्याकडे बघतायत, माझ्या डोक्यावर टोपी आहे आणि चूक माझी आहे. शाळेत बाईंनी फळा कुणी पुसला विचारल्यावर जसं होतं, तसं. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते.

मला वाटलं, कुणीतरी उघडून बघेल, डबा निघेल, हसतील. पण बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, हे आम्हाला त्या अर्ध्या दिवसात शिकवलेलं. कुणीच हात लावला नाही. नियम पहिल्यांदाच तंतोतंत पाळला गेला.

दहा मिनिटांत मॉल रिकामा करायची सूचना झाली. पुढच्या गेटवर पिशवी, म्हणून सगळ्यांना मागच्या बाजूने काढलं. मंगल आत कुठे असेल, कुठल्या दाराने निघाली असेल, मला कळेना. हाउसकीपिंगच्या बायकांचे फोन ड्युटीवर त्यांच्या मुकादमाकडे जमा असायचे. मला दोरी धरून उभं केलेलं. "पॉइंट सोडू नका," साहेब म्हणाले. मी सोडला नाही. मागच्या पार्किंगपर्यंत चालत गेले असते तर चार मिनिटं लागली असती.

लोक घाबरले होते म्हणावं तर तसं काही नाही. रस्त्यापलीकडे दोनशे माणसं उभी राहिली, फोन वर करून. वडापावच्या गाडीवर गर्दी झाली. एक बाई दोरीपाशी येऊन मला विचारून गेली, "सेल आजच संपतोय, नंतर आत सोडतील ना?" मी म्हटलं, "सोडतील." एवढं उत्तर मात्र मला लगेच देता आलं.

बॉम्बशोधक पथक आलं. त्यांच्यातल्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज शांत होता, आमच्या साहेबांसारखा नाही. म्हणाले, "बाई, नीट आठवा. कुणी ठेवताना दिसलं? काही ओळखीचं वाटतंय? घाबरू नका."

नाईकसाहेब बाजूलाच उभे होते. मी म्हटलं, "नाही."

मग कुत्रं सोडलं. ते पिशवीपाशी गेलं आणि तिथेच घुटमळलं. मागे खेचलं तरी परत तिकडेच. मंगलच्या डब्यात सुकट होती, हे त्या रस्त्यावर फक्त मला माहीत होतं. ती सकाळीच म्हणालेली, आज घाईत नुसती सुकट आणि भाकरी.

ते पिशवी जवळ जाऊन उघडत नाहीत. एक नळी असते, त्यातून पाण्याचा जबर मारा करतात. पाणी म्हटल्यावर आपल्याला वाटतं, भिजेल आणि काय. पण ते पाणी बंदुकीतून सुटल्यासारखं येतं. फट् असा आवाज झाला आणि पिशवी हवेत फुटली. डब्याचं झाकण डांबरावर गोल गोल फिरत दुभाजकाला जाऊन टेकलं. पामच्या पानांना सुकट लागली. पलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कागद दिसायला थोडा वेळ लागला.

मागून लोकांना पुढे सोडलं तशी मंगल आली. ती ओरडली नाही. दोरीखालून आत गेली आणि वाकून एकेक तुकडा उचलायला लागली. पोलिसांनी विचारलं, "तुमची आहे का?"

"माझी."

"इथे का ठेवलीत?"

ती उभी राहिली. मी तिच्यापासून पाच-सहा हातांवर होते. आता नाव घेणार, म्हणून मी पोट आत घेतलं.

"घाईत ठेवली. विसरले," मंगल म्हणाली.

"एवढा वेळ कुठे होतात?"

"मागे."

तिला जबाबासाठी नेलं. पोलीस तिच्याशी वाईट वागले नाहीत, पण लिहिण्यात आणि थांबण्यात पाच वाजले. कल्याणला चार वाजता खिडकी बंद झाली. पूजा तिथे अकरापासून बसलेली, आईचा फोन लागत नाही म्हणून परत परत लावत. मंगलला ठेकेदाराने त्याच संध्याकाळी काढलं. कागदांतला जातीचा दाखला तेवढा वाचला, कारण तो लॅमिनेट केलेला. मार्कशीटांचा लगदा. शाळेच्या दाखल्यावरचा शिक्का कुंडीच्या कडेला चिकटलेला मला दुसऱ्या दिवशी सापडला. मी तो नखाने काढला, घडी करून खिशात ठेवला आणि तो कुणाला द्यायचा ते न कळल्यामुळे युनिफॉर्मबरोबर धुतला गेला.

आणि माझं काय झालं? माझा सत्कार झाला. पुढच्या झेंडावंदनाला मॅनेजमेंटने मला आणि आजोबांना पुढे बोलावलं. आजोबांना सतर्क नागरिक म्हणून गुच्छ, मला सतर्क कर्मचारी म्हणून फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. नाईकसाहेब भाषणात म्हणाले, अशा भगिनी आहेत म्हणून आपण निर्धास्त आहोत. मी दीड दिवस शिकलेला तो सॅल्यूट मारला, बरा जमला. नवऱ्याने फ्रेम बाळकुमच्या घरात देवघराशेजारी लावली. आलेगेले तिच्याखाली उभे राहून माझ्याबरोबर फोटो काढायचे. मी हसायचे. हसायची प्रॅक्टिस होतीच.

टिटवाळ्याला जायची हिंमत व्हायला सव्वा वर्ष गेलं. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेले. नव्या टॉवरांच्या मागे जुन्या खोल्यांची एक रांग अजून उभी होती, त्यात मंगल. आता ती त्या टॉवरांमध्ये धुणीभांडी करायची. मला बघून दचकली नाही. "या ताई," म्हणाली, खुर्ची पुसली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. पूजाच चहा करत असावी. तक्रार, प्रतिज्ञापत्र, शाळेच्या आणि बोर्डाच्या खेपा, हे सगळं होऊन डुप्लिकेट मार्कशीट यायला जानेवारी उजाडला. तोवर पूजा शहाडला एका औषधांच्या दुकानात लागली. पुढच्या वर्षी मंगलने फॉर्म आणला तर म्हणाली, आता नको. मंगलने हे सांगितलं ते पाऊस किती झाला सांगावं, तसं.

चहा आला. पूजाने तो दारातून आईच्या हातात दिला, बाहेर आली नाही.

मी घरून वाक्यं ठरवून आले होते. त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, "मंगल, त्या दिवशी साहेबांनी मला विचारलेलं. मी बोलले नाही."

"माहितेय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी पहिल्या मजल्यावर पुढची काच पुसत होते. बरोबर वरती. दिसत होतं की सगळं."

मी कप खाली ठेवला.

"साहेब कुंडीकडे बोट दाखवतायत, तुम्ही मान हलवताय," मंगल म्हणाली. "तेव्हा अजून कुणाला बाहेर काढलं नव्हतं. जिना उतरून आले असते तर पोचले असते. एक मिनिट पण लागलं नसतं."

"मग आली का नाहीस गं?"

तिने पदराने खुर्चीची कड पुन्हा पुसली.

"सकाळी तुम्ही म्हणालेलात, मी आहे ना. आणि मग तुम्हीच मान हलवलीत. मला वाटलं, ताई उगाच नाही म्हणणार नाही. ही माझी पिशवी नसेल. नाहीतर माझ्या पिशवीत कुणीतरी काहीतरी ठेवलं असेल, ते ताईला दिसलं असेल. मला माझ्याच पिशवीची भीती वाटली ताई. पोरीचे कागद आत आहेत हे माहीत असून. मी मागच्या जिन्याने पळाले सगळ्यांबरोबर."

आत भांडी वाजायची थांबली होती. पूजाने हे आधी ऐकलेलं होतं की आत्ता पहिल्यांदाच ऐकत होती, ते मला कळलं नाही.

मी उठायला लागले तर मंगल म्हणाली, "बसा. कल्याणच्या गाडीला अजून अर्धा तास आहे. स्टेशनात उभं राहण्यापेक्षा इथे बसा."

मी बसले. पूर्ण अर्धा तास.